स्तनाचा कर्करोग विषाणूमुळे होतो काय?

स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या स्त्रीचे ताट-वाटी वेगळे ठेवणारी कुटुंबे आजही आढळतात. तान्ह्या बाळाला तिच्या जवळ देताना घरची माणसे कचरतात. हा आजार 'लागतो' अशी भीती त्यामागे असते आणि 'कर्करोगाच्या गाठीत विषाणू सापडला' अशी बातमी वाचनात आली की त्या भीतीला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटते. म्हणून संशोधकांच्या हाती आजवर नेमके काय लागले आहे, ते वाचकांसमोर ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मूळ शंका निराधार नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेपटायटिस बी व सी या विषाणूंमुळे यकृताचा कर्करोग होतो, हेही सिद्ध झाले आहे. स्तनाच्या बाबतीत असा विषाणू सर्वप्रथम आढळला तो उंदरांमध्ये.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी ज्यांच्या माद्यांना हमखास स्तनाच्या गाठी होत अशा जातीची पिल्ले जन्मताच आईपासून दूर केली व निरोगी जातीच्या मादीच्या दुधावर वाढविली. त्या पिल्लांमध्ये मोठेपणी गाठींचे प्रमाण खूपच घटले. म्हणजे केवळ रक्ताच्या वारशाने नव्हे, तर दुधावाटे काहीतरी पुढच्या पिढीत जात होते. १९३६ साली हे प्रसिद्ध झाले. तो 'दुधातील घटक' म्हणजे एक विषाणू होता, हे पुढे स्पष्ट झाले. हा विषाणू स्वतःचे आनुवंशिक द्रव्य उंदराच्या पेशीतील डीएनएमध्ये घुसवितो आणि शेजारच्या जनुकाला अवेळी जागे करतो. रोएल नुसे आणि हॅरोल्ड वार्मस यांनी १९८२ साली असे एक जनुक शोधून काढले. तेच जनुक माणसातही असते.

साहजिकच संशोधकांची नजर स्त्रियांच्या दुधाकडे वळली आणि हा शोध आपल्या मुंबईपर्यंत पोहोचला. पारशी समाजात विवाह बहुधा समाजातच होत आणि स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाणही तेथे अधिक होते. अमेरिकेचे डॅन मूर आणि मुंबईतील डॉ. सत्यवती सिरसाट, डॉ. पेमास्टर आदींनी मिळून दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९७१ साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष आले : पारशी स्त्रियांपैकी ३९ टक्के, कुटुंबात हा आजार असलेल्या १० अमेरिकन स्त्रियांपैकी ६, तर असा इतिहास नसलेल्यांपैकी अवघ्या ५ टक्के स्त्रियांच्या दुधात उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले. खळबळ उडाली. परंतु सारखे दिसणे म्हणजे तेच असणे नव्हे, आणि पुढील तपासण्यांत या कणांचा कर्करोगाशी निश्चित संबंध जुळला नाही.

१९९५ साली न्यूयॉर्कच्या बियाट्रिझ पोगो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१४ गाठींपैकी सुमारे ३८ टक्के गाठींत उंदराच्या विषाणूशी साम्य असलेला डीएनएचा तुकडा सापडल्याचे जाहीर केले. इतर काही प्रयोगशाळांना तो आढळला, तर कित्येकांना आढळलाच नाही. येथे एक अडचण फार मोठी आहे. पीसीआर ही चाचणी इतकी सूक्ष्म असते, की प्रयोगशाळेत उंदराच्या डीएनएचा कण जरी उडाला तरी ती 'सापडले' म्हणते. एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचे हेच झाले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाशी व दीर्घकालीन थकव्याशी त्याचा संबंध जोडला गेला, आणि अखेरीस तो प्रयोगशाळेतच उंदरांमुळे उद्भवलेला निघाला.

गाईंना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या विषाणूचीही अशीच चर्चा झाली. कॅलिफोर्नियातील गर्ट्रूड ब्युरिंग यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात तो ५९ टक्के रुग्ण स्त्रियांच्या व २९ टक्के निरोगी स्त्रियांच्या स्तनपेशींत आढळला. मात्र २०१६ साली ५१ गाठींचा संपूर्ण जनुकीय आराखडा तपासला असता तो कोठेही दिसला नाही. (दूध उकळले अथवा पाश्चराइज केले की हा विषाणू नष्ट होतो, हे गृहिणींनी लक्षात घ्यावे.) त्यापूर्वी २०१३ साली १९ प्रकारच्या कर्करोगांच्या ४,४३३ गाठी तपासण्यात आल्या. गर्भाशयमुख व यकृताच्या गाठींत अपेक्षित विषाणू ठळकपणे दिसले. स्तनाच्या गाठींत असा कोणताही विषाणू पुढे आला नाही.

आमच्या मते या शेवटच्या पुराव्याचे वजन अधिक आहे. तरीही, उद्या एखादा विषाणू खरोखरच कारणीभूत ठरला, तरी रुग्ण स्त्रीची गाठ दुसऱ्याला 'लागणार' नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू सिद्ध झाला आहे, पण म्हणून त्या रुग्णाच्या ताटात जेवल्याने कोणाला कर्करोग होत नाही. आईच्या दुधाविषयीही शंका नको. अंगावर पाजलेल्या मुलींना हा आजार अधिक होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट, २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत, स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे मातेचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. उपचार चालू असलेल्या मातेने मात्र डॉक्टरांना विचारूनच बाळाला पाजावे, कारण काही औषधे दुधात उतरतात.

भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. तपासणी झालेल्या गटात पन्नाशीपुढील स्त्रियांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी भरले. या तपासणीला कोणतेही यंत्र लागले नाही.