सहावी पायरी
(लेखमाला : आपला धर्मग्राम – लेखांक ९)

मागच्या आठवड्यात आपण १९८३ च्या कॅनन लॉमधलं ५१५ वं कलम पाहिलं. धर्मग्राम म्हणजे आधी श्रद्धावंतांचा समुदाय. चर्चची इमारत, घंटा, फादरांचा बंगला हे सगळं त्यानंतर. कायद्याने समुदाय ठरला, पण तो होतो कसा? रविवारी शेकडो माणसं तासभर एकाच दिशेला तोंड करून बसतात, एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की शेजारच्याला हात जोडतात, आणि गेटबाहेर पडेपर्यंत त्याचं नाव काही विचारत नाहीत. वसई-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींत तर अशीही कुटुंबं आहेत, ज्यांची पॅरिश ऑफिसशी पहिली गाठ बाप्तिस्म्याचा दाखला लागतो तेव्हाच पडते.

हे लक्षात आलं की पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, एखादा कार्यक्रम घेऊ या. मग फॅमिली डे होतो, सहल निघते, गायनाची स्पर्धा होते. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्यांची आधीपासून ओळख असते ते एकत्र बसतात आणि नवा माणूस कागदी प्लेट हातात धरून कोपऱ्यात उभा राहतो. तो पाहुणा म्हणून येतो, पाहुणा म्हणूनच परत जातो. माझं मत विचाराल तर माणूस आपला होतो तो त्याला काही दिल्याने कमी आणि त्याच्याकडे काही मागितल्याने जास्त. ‘तुमच्याकडे गाडी आहे ना? रविवारी समोरच्या इमारतीतल्या आजींना मिस्सेला आणाल का?’ एवढं विचारलं, की तो माणूस पुढच्या रविवारी चर्चमध्ये अनोळखी राहत नाही.

वसईच्या जुन्या आळ्यांमध्ये हे मागणं रोजचंच होतं. लग्न ठरलं की मांडव घालायला, भाजी चिरायला, भांडी गोळा करायला आळीच लागायची. मयत झाली की खड्ड्यापासून शवपेटीपर्यंतची सोय घरच्यांना सांगावी लागत नसे. आळीच्या तोंडाशी क्रूस असायचा, अजूनही असतो, आणि मे महिन्यात त्याच्यापाशी प्रार्थनेला सगळी घरं जमायची. या आळ्यांत सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असं मात्र कुणी समजू नये. बांधावरून धरलेला अबोला दोन-दोन पिढ्या चालायचा. पण अबोला असला तरी मांडवाला हात लावायला यावंच लागे, कारण उद्या आपल्या घरी कार्य निघणार होतं. आता मांडव डेकोरेटर घालतो, जेवण केटरर आणतो, अंत्यविधीची व्यवस्थाही फोनवर होते. कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते, विशेषतः बायकांचे. मात्र त्या कष्टांबरोबर एकमेकांच्या घरी जाण्याचं निमित्तही गेलं. ते निमित्त दुसऱ्या कुठल्या वाटेने परत आणायचं, हा खरा प्रश्न आहे.

एक वाट चर्चकडे आहे, आणि ती इथल्या बहुतेक धर्मग्रामांना ठाऊकही आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला; त्याआधी हा सगळा भाग मुंबई महाधर्मप्रांतात होता. तिथे १९८० च्या दशकात आर्चबिशप सायमन पिमेंटा यांच्या काळात, बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने धर्मग्रामाचे छोटे छोटे समूह करण्याचं काम सुरू झालं. आज आपण ज्याला कम्युनिटी मीटिंग म्हणतो, ती त्यातलीच. कल्पना साधी होती. हजार कुटुंबांचा धर्मग्राम कुणालाच ओळखू शकत नाही. वीस-पंचवीस घरांचा समूह मात्र कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली हे ओळखू शकतो.

या बैठकीत शुभवर्तमान वाचण्याची जी पद्धत रूढ झाली, ती आली दक्षिण आफ्रिकेतून. तिथल्या लुम्को संस्थेत फ्रिट्झ लोबिंगर आणि ओस्वाल्ड हिर्मर या दोन जर्मन धर्मगुरूंनी १९७० च्या दशकात ती बसवली. धर्मगुरू कमी, गावं दूरदूर. तेव्हा फादर नसतानाही लोकांना आपापलं जमता यावं, हा हेतू. तिच्या सात पायऱ्या आहेत. प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, मनाला भिडलेले शब्द मोठ्याने पुन्हा म्हणणं, शांत बसणं, मनात आलं ते सांगणं, मग सहावी पायरी, आणि शेवटी प्रार्थना.

सहाव्या पायरीला काय करायचं असतं? काम ठरवायचं असतं. आपल्या या चार गल्ल्यांत आत्ता काय करायला हवं, कोण करणार, कधी करणार. आणि मागच्या वेळी जे ठरलं होतं त्याचं काय झालं. पहिल्या पाच पायऱ्या बहुतेक ठिकाणी नीट होतात. पाचवीला एखाददुसरा वक्ता जरा लांबतो. तोवर साडेनऊ वाजतात, मुलांना झोप येते, बैठक चालवणाऱ्या अ‍ॅनिमेटर बाई घड्याळ बघतात आणि थेट सातवीवर उडी पडते. मग चहा. बैठक पार पडली, रजिस्टरमध्ये सह्याही झाल्या. पण काम काहीच ठरलं नाही, म्हणून पुढच्या महिन्यापर्यंत एकमेकांना भेटायचं कारणही उरलं नाही. कम्युनिटी मीटिंगला येणारे तेच ते दहा चेहरे का, याचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं. ज्याला प्रार्थना करायची आहे तो घरीही करतो. चारचौघांत ती सुचेल की नाही म्हणून संकोचणारा माणूस बैठकीला येतच नाही. त्याला नळाची तोटी बसवता येत असते, बँकेचा फॉर्म भरता येत असतो. त्याच्यासाठी दार आहे ते सहाव्या पायरीचं, आणि नेमकं तेच उघडत नाही.

काम म्हणजे काही मोठं असायला नको. किंबहुना मोठं ठरवलं की ते कमिटीकडे जातं आणि बसतं. मयतीचंच घ्या. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. महिन्याच्या मिस्सेपर्यंत ये-जा राहते. त्यानंतर मागे राहिलेल्या बाईच्या दाराची बेल वाजत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ठरवून, दोघांनी जाऊन अर्धा तास बसायचं. डबा नेला तर उत्तम, नाही नेला तरी चालेल. दोघांनी जायचं हे मात्र महत्त्वाचं. सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिचे सभासद गरजूंच्या घरी जोडीनेच जात आले आहेत. एकट्याला काय बोलावं सुचत नाही, दोघं असली की बोलणं सुरू राहतं. शिवाय जाता-येता त्या दोघांच्या गप्पा होतात, तो वेगळाच फायदा.

आजाऱ्यांकडे पहिल्या शुक्रवारी कम्युनियन जातं, तेव्हा शेजारच्या घरातल्या एकाने दहा मिनिटं आधी जाऊन मेणबत्ती लावून ठेवली आणि नंतर थोडं थांबलं, तरी त्या अंथरुणावरच्या माणसाची सकाळ वेगळी जाते. ज्या घरांतली मुलं आखातात किंवा कॅनडात आहेत, तिथल्या म्हाताऱ्यांना पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला मोबाइलवरून काढून देणं हे युथच्या पोरांचं काम. बदल्यात त्यांना आळीतल्या तीन पिढ्यांची कुलंगडी फुकट ऐकायला मिळतात.

जपमाळेच्या महिन्याबद्दल थोडं स्पष्टच लिहितो. ऑक्टोबरमध्ये मारिया मातेची मूर्ती रोज एका घरी जाते, शेजारी जमतात, जपमाळ होते. घरांमध्ये शिरण्याची यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही. तिची वाट लावली ती खाण्याने. पहिल्या घरी चहा-बिस्किटं, चौथ्या घरी सामोसे, दहाव्या घरी केक आणि कोल्ड्रिंक, पंधराव्या घरी जवळपास जेवण. मग सोळाव्या घरची बाई अ‍ॅनिमेटरला हळूच सांगते, ‘यंदा आमच्याकडे नको, पाहुणे आहेत.’ पाहुणे वगैरे काही नसतात. वन रूम किचनमध्ये तीस माणसं कुठे बसवायची आणि त्यांना काय द्यायचं, ही तिची अडचण. यावर समूहाने महिना सुरू होण्याआधी नियम करावा : फक्त चणे किंवा फक्त चहा, सगळ्यांकडे सारखंच. जागा कमी असेल तर जिन्यात, गॅलरीत बसावं. आणि हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांत मोठ्या घरात पाळला गेला पाहिजे, नाहीतर त्याला काही अर्थ नाही.

आता भाषेकडे येऊ, कारण त्यावर बोलायचं सगळेच टाळतात. वसईत मराठी मिस्सा कुपारी, वाडवळ, कोळी या जुन्या समाजांची आणि इंग्रजी मिस्सा मुंबईहून, गोव्याहून, मंगळूरहून, दक्षिणेतून आलेल्या नव्या रहिवाशांची, अशी वाटणी अनेक ठिकाणी आपोआप झाली आहे. मराठी मिस्सा संपते, इंग्रजी मिस्सेची माणसं आत शिरतात, पार्किंगच्या जागेवरून थोडी कुरबुर होते आणि दोन्ही बाजूंची तेवढीच काय ती भेट. एका छपराखाली दोन धर्मग्राम. ‘हे बाहेरचे’ आणि ‘हे गाववाले’ हे शब्द दोन्हीकडून ऐकू येतात.

ही तक्रार आजची नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून पाहा. यरुशलेममधल्या पहिल्यावहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी यावर ऐक्याचं प्रवचन दिलं नाही, मेळावाही भरवला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडून वाटपाचं काम त्यांच्या हाती द्यायला सांगितलं. स्तेफन, फिलिप आणि बाकीचे पाच. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, बहुधा त्याच बाजूच्या हाती डाव दिला गेला. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला आपण समजूत घालून घरी पाठवतो. मिस्सेनंतरचा चहा मराठीवाले आणि इंग्रजीवाले यांनी आलटून पालटून करावा, एकाच्या मिस्सेनंतर दुसऱ्याने. नाताळचा गोठा बांधायला दोन्हीकडची पोरं एकत्र बसवावीत. बांबू कापताना आणि गवत पसरताना मोडकी मराठी आणि मोडकी इंग्रजी दोन्ही चालून जातात.

फादरांचं काय? कॅनन लॉचं ५२९ वं कलम त्यांना घरोघर जायला सांगतं. लोकांच्या चिंतेत, दुःखात भाग घ्यायला आणि गरीब, आजारी, एकाकी, परमुलखात येऊन पडलेल्यांना आवर्जून शोधायला. पण ज्या धर्मग्रामात एक-दोन फादर आणि हजार-दीड हजार घरं, तिथे हे गणित जमत नाही. समूहाने त्यांना मोजकीच पाच घरं सांगावीत : या महिन्यात इथे जाणं गरजेचं आहे. त्या पाचांत अ‍ॅनिमेटरचं स्वतःचं घर नसावं. आणि जाता जाता, १२८७ वं कलम लोकांच्या दानाचा हिशेब लोकांना द्यायला सांगतं. सणाच्या वर्गणीचा खर्च नोटीस बोर्डावर लागला, तर गेटबाहेरच्या निम्म्या कुजबुजीला विषयच उरत नाही.

येत्या बैठकीत करून पाहण्यासारखं एकच आहे. पाचवी पायरी पंधरा मिनिटांत आवरा, वहीचं कोरं पान काढा आणि तीन रकाने आखा : काम, कोण, कधीपर्यंत. पहिल्या महिन्याला एकच ओळ भरली तरी पुरे. ती ओळ पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचायची. काम झालं नसेल तर ‘झालं नाही’ एवढंच म्हणायचं आणि तीच ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहायची. शक्यतो अशा माणसाच्या, जो आजवर मागच्या खुर्चीत गप्प बसून होता.

(पुढील लेखांकात : गायनवृंद आणि त्यातली भांडणं)