स्मृति गेली तेथें नोंदवहीच साक्षी

व्यवहारांत वाद उत्पन्न झाला असतां लेख, भोग आणि साक्षी हीं तीन प्रमाणें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलीं आहेत. स्मृतिभ्रंश जडलेल्या वृद्धाचा दिवस कसा गेला, हें ठरवावयाचें झाल्यास यांपैकीं लेखावरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. काल दुपारीं आपणांस बागेंत नेलें कीं दिवसभर खुर्चींत बसविलें, हें तो स्वतः सांगूं शकत नाहीं. म्हणून अशा वृद्धांच्या निवासगृहांतील दैनंदिन नोंद म्हणजे त्यांची उसनी स्मृतिच होय.

अल्झायमर रोगाचें ज्ञान मुळीं एका चोख टिपणापासून सुरू झालें. इ. स. 1901 च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफर्ट येथील रुग्णालयांत औगुस्ट नांवाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली. ती फुलकोबी व मांस जेवीत असतां ‘काय खातां?’ असें डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं विचारलें. तिनें पालक असें उत्तर दिलें. डॉक्टरांनीं ताटांत काय होतें तें लिहिलें आणि तिच्या तोंडून काय आलें तेंहि लिहिलें. 1995 सालीं हें बाड पुन्हां सांपडलें, तेव्हां तिची स्थिति आजच्या वैद्यांनाहि डोळ्यांपुढें आणतां आली.

इंग्लंडांत 2014 च्या नियमावलींतील 17 व्या नियमानें प्रत्येकाची नोंद अचूक, पूर्ण व त्याच वेळची असावी असें बंधन घातलें आहे. ब्रॅडफर्ड येथें टॉम किटवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलेल्या पद्धतींत तर निरीक्षक दर 5 मिनिटांनीं निवाशाची कृति टिपतो आणि त्याची वृत्ति उणे 5 ते अधिक 5 अशा अंकांनीं दाखवितो.

तथापि पाळी संपतांना वेळापत्रक पाहून सर्वांच्या नांवापुढें ‘गायनांत भाग घेतला’ असें लिहिण्याचा मोह दमलेल्या सेविकेस होतो. त्यावरून काय योजिलें होतें एवढेंच कळतें. ‘सव्वाचारला गायन सुरू झालें. दोन गाण्यांस बोटांनीं ताल धरला. टाळ्यांचा गजर वाढतांच कानांवर हात ठेवून उठल्या,’ असें लिहिलें तर आजींना गाणें आवडतें, गलबला सोसवत नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं येणाऱ्या सेविकेसहि कळेल. नकार, रडणें, झोंप हींहि लिहावीं. रोज फिरावयास जाणारा वृद्ध दोन दिवसांत एकाएकीं उठेनासा झाला, तर तो मूळ रोग वाढल्याचें न मानतां जंतुसंसर्ग, वेदना किंवा मलावरोध यांचा शोध घ्यावा लागतो. मागील पानें खरीं असतील तरच हा फरक दिसेल.

आपल्या एकत्र कुटुंबांतहि ही अडचण आहेच. थोरली सून म्हणते धाकटीनें वाढलें असेल, धाकटी म्हणते वन्संनीं वाढलें. आणि आजोबा ‘जेवलोंच नाहीं’ म्हणतात. अशा घरीं देवघराशेजारीं एक वही टांगावी. ज्यानें जें केलें त्यानें तें तेव्हांच, वेळेसह लिहावें. पाहिलेलें व तर्क केलेलें वेगळें ठेवावें. राहून गेलें तेथें ‘राहिलें’ असेंच लिहावें. वडील मंडळी निवासगृहांत असल्यास भेटीच्या दिवशीं फळांच्या करंडीबरोबर तेथील नोंदीहि मागून वाचाव्यात.