गाडीचा जोर वाढविण्यापूर्वी : इंजिन ट्यूनिंगची तोंडओळख

गाड्यांच्या धंद्याशी आमचा थेट संबंध नाही. आम्ही कापडवाले. तरीही या विषयावर लिहावे लागत आहे, कारण आपल्या घरांतील तरुण मुले आता रिमॅप, टर्बो, फ्री-फ्लो सायलेन्सर अशा शब्दांत बोलू लागली आहेत आणि परभणीच्या गॅरेजांतील आपले मिस्त्री बांधवही असे काम अंगावर घेऊ लागले आहेत. काम बिघडले की पैसा एकाचा जातो आणि नाव दुसऱ्याचे जाते. दोघांच्याही उपयोगी पडेल एवढी माहिती आम्ही जाणकार उस्तादांना विचारून, समजून घेऊन येथे देत आहोत.

आमच्या भाच्याने एक जुनी पेट्रोल स्विफ्ट घेतली. महिन्याभरातच म्हणाला, "मामू, पस्तीस हजार द्या, गाडीचा कॉम्प्युटर बदलतो, विमान होईल." आम्ही विचारले, गाडीत आज किती जोर आहे हे मोजले का? त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

इंजिनाचा जोर कशाने वाढतो? मुळात हवेने. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे. सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबणे कठीण. ट्यूनिंगची सारी विद्या याच कामाची आहे: हवा अधिक व थंड आत घ्यावी, तिच्या प्रमाणात इंधन द्यावे, ठिणगी योग्य क्षणी पाडावी आणि जळलेला धूर अडथळ्याविना बाहेर काढावा. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन खडखडते, यालाच मिस्त्री नॉकिंग म्हणतात. ते दुर्लक्षित राहिले तर पिस्टन फुटतो.

याचे उत्तम उदाहरण कंपन्यांनीच घालून दिले आहे. फियाटच्या आराखड्याचे १२४८ सी.सी.चे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती देत असे. २०१२ साली आलेल्या अर्टिगात तेच इंजिन ९० अश्वशक्ती देऊ लागले. सिलिंडर तेवढेच होते. फरक मुख्यतः टर्बोचा होता. स्विफ्टमधील टर्बो साधा, तर अर्टिगातील टर्बोची पाती वेगाप्रमाणे आपला कोन बदलणारी. त्यामुळे हवा जास्त गेली व जोर वाढला. म्हणजे इंजिनात थोडी जागा राखलेली असते. तयार सदरा सैल करता येतो, पण शिंप्याने शिवणीत जेवढे कापड दाबून ठेवले असेल तेवढाच.

विनाटर्बो पेट्रोल गाडीत ही शिवण फार अरुंद असते. कॉम्प्युटरचा नकाशा बदलून, म्हणजे रिमॅप करून, पाच-सात अश्वशक्तीच्या पुढे सहसा जाता येत नाही. टर्बो गाडीत मात्र हवेचा दाब वाढवून पंधरा-वीस टक्के जोर मिळू शकतो. तोही फुकट मिळत नाही; क्लच प्लेट, टर्बो आणि पिस्टनवरचा भार वाढतो. डिझेल गाडी काळा धूर ओकू लागली की समजावे, इंधन वाढले पण हवा वाढली नाही. त्याला आमच्याकडे काही जण "पॉवर" म्हणतात! ते जळालेले पैसे आहेत.

आता आपल्या हवामानाचे पाहू. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. २० अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सात-आठ टक्के विरळ असते, तेवढा जोर आपोआप कमी. अशा वेळी मूळ फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली उघडा शंकूचा फिल्टर लावला, तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. आवाज दमदार येतो, गाडी मात्र मंद होते. शिवाय काळ्या मातीची बारीक धूळ आणि हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारा कापसाचा तंतू. आमच्या माल नेण्याच्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीतून आम्ही मूठमूठ कापूस काढला आहे. बंद डब्यातला स्वच्छ कागदी फिल्टर आणि बाहेरून थंड हवा आणणारी मूळ नळी हीच येथे मोठी सुधारणा होय.

सायलेन्सरचेही तसेच. रुंद नळीने थोडा फायदा होतो, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकणे हा गुन्हा आहे आणि पी.यू.सी.च्या वेळी अडचण ठरलेली.

भाच्याची गाडी आम्ही एका वयस्क मिस्त्रीकडे नेली. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तीन जवळपास सारखे, चौथे बरेच कमी. व्हॉल्व्ह बसत नव्हता. मग गाडी थोडी चालवून चाकांना हात लावून पाहिले. मागचे एक चाक तापलेले, म्हणजे ब्रेक अडकत होता. टायरमध्ये हवा कमी. इतकी चोरी चालू असताना वरून जोर ओतायचा! व्हॉल्व्ह घासून बसविले, ब्रेक मोकळा केला, प्लग व फिल्टर बदलले. भाचा गाडी घेऊन पाथरीपर्यंत गेला आणि परत येऊन बराच वेळ काही बोलला नाही. नंतर रिमॅपचा विषय त्याने स्वतःच सोडला.

ज्यांना यापुढे जायचेच आहे त्यांनी पैसा आधी टायर, ब्रेक आणि शॉकअपवर घालावा. फियाटने २०१५ मध्ये पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो ही १४५ अश्वशक्तीची छोटी गाडी काढली, तेव्हा चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि गाडी जमिनीलगत आणली. इंजिन वाढविले म्हणून थांबविण्याची ताकदही वाढविली. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

कायदाही ठाऊक असावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरविलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मान्यताप्राप्त सी.एन.जी. किट बसवून आर.सी.वर नोंद करणे ही वेगळी गोष्ट. लपविलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्या जखमीचा खर्च घरावर येऊ शकतो.

वेगाची हौस असेल तर तिची जागा ट्रॅक आहे. कोइम्बतूरच्या कापड गिरणीवाल्या घराण्यातील एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० च्या ७९६ सी.सी. इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी बनविली. चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे साधे घरगुती इंजिन. गाडीचे वजन उतरविले आणि तीच शर्यतीत धावू लागली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले नारायण कार्तिकेयन सुरुवातीस हीच गाडी चालवीत. १९९५ मध्ये करिवर्धन विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे. वजन कमी करणे हा जोर वाढविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. भाच्याच्या डिकीतून आम्ही भला मोठा स्पीकरचा डबा आणि दोन ताग्यांचे गठ्ठे काढले. गठ्ठे आमचेच होते.

मिस्त्री बांधवांना एक विनंती. गाडी हाती घेताच कॉम्प्रेशनचे आकडे, बदललेले भाग आणि जुने भाग परत दिल्याची नोंद पावतीवर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. त्या मिस्त्रींनी आम्हाला अशीच पावती दिली. तिच्या तळाशी लिहिले होते: क्लच अजून वीस हजार किलोमीटर चालेल, आत्ता बदलू नका.