प्रयोज्यांग आणि धुऱ्यावरचे वृक्ष

वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक, तर अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात दुसरे. या नावातील हिवर आयुर्वेदास अपरिचित नाही. अरिमेद म्हणून बहुधा याच वृक्षाचे ग्रहण केले जाते व मुखरोग-दंतरोगांत योजिल्या जाणाऱ्या अरिमेदादि तैलासाठी त्याची साल लागते. ही साल आपण बाजारातून घेतो. परंतु ज्या झाडाची ती काढली, ते आज उभे आहे काय, हे सहसा विचारले जात नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीमुळे जनपदोद्ध्वंस होतो, असे प्रतिपादन आहे. हवामानबदलाचा विचार वैद्याला म्हणूनच परका नसावा. वृक्ष हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून त्यातील कार्बन खोड, फांद्या व मुळांत साठवितो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. सुकल्यावर ५०० किलो भरेल अशा एका झाडात सुमारे २३५ किलो कार्बन, म्हणजे हवेतील सुमारे ८६० किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. गळालेली पाने व जुनी मुळे कुजून जमिनीतही काही कार्बन साठतो.

हे कार्य केवळ अरण्यातच होते असे नाही. पिकांसोबत वृक्ष वाढविण्याच्या पद्धतीस कृषिवानिकी म्हणतात. भारताने २०१४ मध्ये यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण स्वीकारले. २०१५ मध्ये, २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादन यांद्वारे अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सामावेल इतका अतिरिक्त साठा निर्माण करण्याचा संकल्पही देशाने जाहीर केला. वृक्षाच्छादनात शेताच्या धुऱ्यावरील झाडेही येतात.

येथे औषधनिर्मात्यांचा संबंध येतो, तो प्रयोज्यांगामुळे. आवळा, बेहडा यांचे फळ घेतल्याने वृक्ष उभाच राहतो. कार्बनचा साठा व औषधाचा पुरवठा दोन्ही वर्षानुवर्षे चालतात. बृहत्पंचमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व गंभारी यांची स्थिती निराळी आहे. मुळासाठी झाड उपटले, की लाकूड जळून वा कुजून साठविलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. खोडाभोवतीची साल सर्व बाजूंनी सोलली, तर झाड उभ्याउभ्या वाळते. एकाच बेलाचे फळ घेणारा व मूळ घेणारा असे दोन ग्राहक पर्यावरणाच्या दृष्टीने परस्परविरोधी कार्य करीत असतात.

शेतकऱ्याची अडचणही समजून घ्यावी. झाडाच्या सावलीने कपाशी-तुरीच्या धुऱ्यालगतच्या ओळी दबतात. उत्पन्न हाती येईपर्यंत काही वर्षे जातात. खात्रीचा ग्राहक नसेल, तर तो झाड राखील कशासाठी? कार्बनच्या मोबदल्याची आशा दाखविण्यापेक्षा औषधीद्रव्याला निश्चित भाव देणे अधिक प्रामाणिक होय.

तेव्हा फार्मसीचालकांनी गावातील काही शेतकऱ्यांशी फळे व पाने यांच्या खरेदीचा लेखी करार हंगामापूर्वीच करावा. हिवराची साल छाटणीत निघालेल्या फांद्यांची घ्यावी; उभ्या खोडाची घेऊ नये. खोड व फांदीच्या सालीतील गुणांचा फरक प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. मुळे हवी असल्यास त्याच हेतूने लागवड करावी व एका वेळी थोडीच झाडे काढून त्याजागी नवी लावावीत.

आणि खरेदीच्या नोंदवहीत द्रव्य, प्रयोज्यांग, वजन व दर यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : ‘झाड उभे आहे काय?’ पुढील वर्षीचे औषध कोठून मिळणार, याचे उत्तरही त्याच रकान्यात सापडेल.