आधी लग्न, मग गोळी

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा होता आणि तो मांडणारे पी. जे. रोहम अहमदनगर दक्षिणमधून निवडून आले होते. ठराव फेटाळला गेला, तरी या विषयाशी नगर जिल्ह्याचे नाव तेव्हापासून जोडलेले आहे. पुढच्या आठ दशकांत साधने वाढली, केंद्रे वाढली. तरुणांच्या हाती साधन देण्याआधी त्यांचे लग्न झाले आहे का, हे पाहण्याची सवय मात्र सुटली नाही, आणि आज तीच सर्वांत मोठी अडचण आहे.

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत होती. मूल जगेल याची खात्री नसलेल्या घरात पाळणा लांबवण्याचा उपदेश कोण ऐकणार? आरोळे दांपत्याने आधी मुले जगवली आणि गोळ्या, निरोध गावातल्याच ग्राम आरोग्य सेविकांकडे सोपवले. दवाखान्यात संकोचणारी बाई शेजारणीकडून गोळी निःशंकपणे घेई. साधन उपलब्ध असणे वेगळे आणि ते मागता येणे वेगळे, हा जामखेडचा खरा धडा. पण अविवाहितांच्या बाबतीत हीच जवळीक आड येते. आज गावात हे काम करणारी आशाताई नात्याने चुलती लागत असेल, तर तिच्याकडे निरोध मागणार कोण?

शिवाय आशाताईचे काम चालते ते पात्र जोडप्यांच्या नोंदवहीवर. विवाहित असणे आणि पत्नी 15 ते 49 वयाची असणे, एवढीच पात्रता. म्हणजे सोळाव्या वर्षी बेकायदा लग्न लावून दिलेली मुलगी या वहीत बसते आणि तेवीस वर्षांची अविवाहित तरुणी बसत नाही. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, 10 ते 19 वयोगटासाठी मैत्री क्लिनिके आली. पण विशीत पाऊल टाकले की तरुण त्या वयोगटाबाहेर जातो आणि लग्न होईपर्यंत वहीतही येत नाही. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये मात्र वेगळे चित्र दिसते. लघवीला जळजळ आणि स्राव होतो म्हणून आलेल्या तरुणाला ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमच्या गोळ्यांचे करड्या रंगाचे किट मिळते आणि सोबत निरोधही. तिथे लग्नाची अट नाही. रोग टाळण्यासाठी जे विनाअट देता येते, ते गर्भ टाळण्यासाठी का नाही?

राज्याचा जननदर 2019-21 पर्यंतच 1.7 वर आला होता, मग काळजी कसली, असे काही जण म्हणतील. पण हा आकडा मुख्यतः शस्त्रक्रियेवर उभा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील 49.1 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि पुरुषांची शंभरात एकही भरत नव्हती. मुले झाल्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या गर्भधारणेआधीच्या मुलीच्या काय कामाची? साधने दिल्याने पोरे बिघडतील, हा दुसरा आक्षेप. पण क्लिनिकची पायरी चढणाऱ्यांपैकी अनेकांचे संबंध आधीच आलेले असतात. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवल्याने ते थांबत नाहीत, फक्त धोका वाढतो. तिसरा आक्षेप पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा, आणि तो गंभीर आहे. अठराच्या आतल्यांबाबत पोलिसांना कळवण्याचे बंधन आहेच. तरीही 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. त्याच निकालाने अविवाहितेलाही 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क मान्य केला. गर्भपाताचे दार उघडे आणि गर्भनिरोधकाचे अर्धवट बंद, ही व्यवस्था मुलींवर अन्याय करणारी आहे.

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, आरोग्य यंत्रणेने अठरा पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, नाव-गाव-लग्न न विचारता, तालुक्याच्या ठिकाणी निरोध आणि तातडीची गोळी द्यावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.