औंधचा संग्रह नव्याने मांडू या

सातारा जिल्ह्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभारलं. रविवर्म्याची तैलचित्रं, पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची चित्रमाला आणि शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल इथे एकाच छपराखाली आहे. रविवर्म्याने देवादिकांना हाडामांसाचं रूप दिलं. मूरने तपशील गाळून दगडाचा दगडपणा राखला. ही दोन्ही कामं समोरासमोर ठेवली, तर आधुनिकता एकाच वाटेने आली नाही, हे कोणालाही नजरेनेच कळेल. राजांच्या संग्रहाला हात लावू नये, असं कोणी म्हणेल. ही काळजी रास्त आहे, पण बाकी संग्रह जागच्या जागी ठेवून एक दालन बदलत्या प्रदर्शनांना देता येतं. शिवाय बाळासाहेब स्वतः ‘चित्ररामायण’ रंगवणारे चित्रकार. पाहणाऱ्याची नजर घडावी, याचसाठी तर संग्रहालयाचा हा खटाटोप होता! सातारा-सांगलीच्या रसिकांनी आणि कलाशिक्षकांनी या एका दालनाची मागणी लावून धरावी.