संगणक सुरूच होत नाही, तेव्हा

तेरणा साखर कारखान्याची ढोकी असो की मुंबईचा विमानतळ, संगणक निळ्या पडद्यावर अडला की काम ठप्प. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे अशीच अडली आणि मुंबईत विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करावे लागले. उपाय मात्र साधा निघाला: सेफ मोडमध्ये शिरायचे आणि एक फाइल पुसायची. फक्त तो यंत्रागणिक करायचा होता!

शिफ्ट दाबून धरत ‘रीस्टार्ट’ केले की रिकव्हरीचे पर्याय उघडतात. विंडोज अजिबातच उठत नसेल, तर आधी बनवून ठेवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह कामी येतो. डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास 48 अंकी रिकव्हरी कीसुद्धा लागते. ती त्याच संगणकात जपणे म्हणजे किल्ली आत ठेवून कुलूप लावणे.

एकाच संगणकावर दोन विंडोज असतील, तर सुरू होताना येणारी निवडीची यादी मुळात 30 सेकंद थांबते. ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट भागात ही वेळ घटवता येते. सोबतीला लिनक्स असेल, तर यादी बहुधा ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर दाखवतो.

आधी जतन केलेला रिस्टोअर पॉइंट विंडोजची घडी परत बसवतो, पुसलेले दाखले आणि फोटो परत आणत नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर आजच घ्या.